नसेचा निरोप स्नायूपर्यंत कसा पोहोचतो? त्यात कॅल्शिअम, मॅग्नेशिअम आणि मिठाचे काम

हात उचलायचा असे मनात आले की हात उचलला जातो. मधे काय घडते, याचा विचार आपण करत नाही. मेंदूतून निघालेला हुकूम नसेवरून विजेच्या लहरीसारखा धावत येतो, पण स्नायूच्या अगदी जवळ येऊन ही लहर थांबते. कारण नस स्नायूला चिकटलेली नसते. दोघांच्या मधे सुमारे ५० नॅनोमीटरची फट असते, म्हणजे एका मिलिमीटरचा वीस हजारावा भाग. लहरीला ही फट ओलांडता येत नाही. तिथे नसेचे टोक एक रसायन सोडते, ते पलीकडे पोहोचते आणि मगच स्नायू आखडतो.

हे रसायन किती सुटणार, हे त्या फटीतल्या पाण्यात कोणते क्षार किती आहेत यावर ठरते. शाळेतल्या मुलांना हा विषय दहावी-बारावीत येतो. पण घरातल्या मोठ्यांनाही तो माहीत असायला हवा. गरोदर बाईचे ब्लड प्रेशर वाढले की दवाखान्यात मॅग्नेशिअमचे इंजेक्शन देतात आणि नंतर नर्स दर थोड्या वेळाने गुडघ्यावर हातोडी मारून बघते, ते का? एखाद्या मुलीचे हात अचानक वाकडे होऊन आखडतात, त्यात कॅल्शिअमचा काय संबंध? किडनीच्या पेशंटने पोट साफ होण्याचे औषध स्वतःच्या मनाने का घेऊ नये? या तिन्ही प्रश्नांचे उत्तर त्या एका फटीपाशी सापडते.

आधी शब्द नीट समजून घेऊ

बोलताना आपण रक्ताच्या वाहिनीलाही नस म्हणतो आणि मेंदूचा निरोप नेणाऱ्या तंतूलाही. या लेखात नस म्हणजे निरोप नेणारा तंतू. मराठी पुस्तकात त्याला चेता म्हणतात, उर्दूत असब, आणि अनेकवचन आसाब. स्नायूंना उर्दूत अज़लात म्हणतात. जिथे चेता स्नायूला भेटते त्या जागेला चेता-स्नायू संधी म्हणतात. हाडांच्या सांध्याशी तिचा संबंध नाही.

दुसरा शब्द 'मीठ'. उर्दूत नमक म्हणजे आपण भाजीत घालतो ते, आणि नमकियात म्हणजे सगळे क्षार. हा फरक इथे फार कामाचा आहे. भाजीतले मीठ म्हणजे सोडिअम क्लोराइड, तो नमकियातपैकी फक्त एक. कॅल्शिअम, मॅग्नेशिअम आणि पोटॅशिअम यांचेही क्षार असतात. पाण्यात विरघळले की त्यांचे विद्युतप्रभार असलेले कण होतात, त्यांना आयन म्हणतात. किती पाण्यात किती क्षार आहे, ते प्रमाण म्हणजे संहती. ती मिलिमोल प्रति लिटर या मापात सांगतात.

निरोगी माणसाच्या रक्तात सोडिअम १३५ ते १४५ मिलिमोल असते, पोटॅशिअम ३.५ ते ५, मोकळे कॅल्शिअम सुमारे १.१ ते १.३ आणि मॅग्नेशिअम ०.७ ते १. म्हणजे शेवटचे दोघे अगदी थोडे. पण नसेचा निरोप पलीकडे जाणार की नाही, याचा फैसला या दोघांच्या हातात आहे.

संधीवर पायरीपायरीने काय घडते

१. विजेची लहर नसेच्या टोकापर्यंत येते. ही लहर सोडिअमचे आयन आत शिरल्यामुळे पुढे सरकत असते.

२. लहर पोहोचताच टोकावरची कॅल्शिअमची दारे उघडतात. बाहेर मोकळे कॅल्शिअम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट असते, त्यामुळे दार उघडले की ते जोरात आत घुसते.

३. टोकाच्या आत अगदी बारीक पिशव्या तयार ठेवलेल्या असतात. प्रत्येक पिशवीत ॲसिटिलकोलीन नावाच्या रसायनाचे हजारो रेणू भरलेले असतात. आत आलेले कॅल्शिअम पिशवीवरच्या सिनॅप्टोटॅगमिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. पिशवी टोकाच्या कडेला मिसळून फुटते आणि ॲसिटिलकोलीन फटीत सांडते.

४. पलीकडे स्नायूवर ॲसिटिलकोलीनचे ग्राहक असतात. रसायन तिथे बसले की सोडिअम स्नायूत शिरते, नवी लहर उठते आणि स्नायू आखडतो.

५. फटीतले एक विकर ॲसिटिलकोलीन लगेच तोडून टाकते, म्हणजे पुढच्या निरोपासाठी जागा मोकळी.

हा सगळा प्रकार एका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास उरकतो.

हे कळले कसे?

सुरुवात लंडनच्या नळाच्या पाण्यापासून झाली. सिडनी रिंगर नावाचे डॉक्टर १८८० च्या दशकात बेडकाचे हृदय शरीराबाहेर काढून मिठाच्या पाण्यात धडधडत ठेवण्याचा प्रयोग करत होते. १८८२ मध्ये त्यांना वाटले की साधे मिठाचे पाणी पुरते. मग लक्षात आले की द्रावण बनवताना शुद्ध पाण्याऐवजी नळाचे पाणी वापरले गेले होते. शुद्ध पाण्यात मीठ घालून प्रयोग केला तर हृदय बंद पडू लागले. नळाच्या पाण्यात कॅल्शिअम होते, आणि काम तेच करत होते. १८८३ मध्ये रिंगर यांनी हे छापले. आज दवाखान्यात सलाइनच्या बाटलीवर 'रिंगर लॅक्टेट' असे लिहिलेले दिसते, ते नाव त्यांचेच.

१८९४ मध्ये लॉक या शास्त्रज्ञाने पुढची गोष्ट पाहिली. बेडकाचा स्नायू आणि त्याची नस नुसत्या मिठाच्या पाण्यात ठेवली, तर काही वेळाने नसेला झटका देऊनही स्नायू हलत नाही. थेट स्नायूला झटका दिला तर मात्र तो हलतो. म्हणजे स्नायू ठीक आहे, पण निरोप मधेच अडतो. पाण्यात थोडे कॅल्शिअम घातले की निरोप पुन्हा जाऊ लागतो.

तेव्हा नसेचे टोक रसायन सोडते हेच कोणाला ठाऊक नव्हते. १९२१ मध्ये ऑटो लोवी यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून नसेतून रसायन सुटते हे दाखवले. १९३६ मध्ये हेन्री डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्नायूंच्या नसांतूनही ॲसिटिलकोलीन सुटते हे सिद्ध केले. त्याच वर्षी लोवी आणि डेल यांना नोबेल मिळाले.

आता प्रश्न उरला तो 'किती' सुटते आणि कशामुळे. हे काम प्रामुख्याने बर्नार्ड कॅट्झ यांचे. १९११ मध्ये जर्मनीतल्या लायप्झिग शहरात जन्मलेले कॅट्झ ज्यू होते. हिटलरच्या राजवटीत तिथे त्यांना वाट उरली नाही, म्हणून १९३५ मध्ये ते लंडनला आले. तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात त्यांनी अनेक वर्षे बेडकाच्या स्नायूंवर काम केले आणि १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

बंद पाकिटांचा हिशोब

१९५० च्या सुमारास पॉल फॅट आणि कॅट्झ स्नायूत बारीक सुईसारखे इलेक्ट्रोड घालून वीज मोजत होते. नसेला झटका दिलेला नसताना, सगळे शांत असतानाही, संधीपाशी मधूनमधून सुमारे अर्ध्या मिलिव्होल्टचे छोटे धक्के दिसत होते. स्नायू हलण्याइतके ते मोठे नव्हते. पण ते जवळजवळ सारख्याच आकाराचे होते, ही बाब विशेष.

मग १९५४ मध्ये होसे देल कास्तियो आणि कॅट्झ यांनी युक्ती केली. बेडकाच्या स्नायूभोवतीच्या द्रावणात कॅल्शिअम कमी केले आणि मॅग्नेशिअम वाढवले. आता नसेला झटका दिला की प्रतिसाद फारच दुबळा येई. कधी काहीच येत नसे. कधी एका छोट्या धक्क्याएवढा येई, कधी दोन, कधी तीन धक्क्यांएवढा. दीड किंवा अडीच असे सहसा नाही.

रमज़ानमध्ये रेशनची बंद किट वाटतात, ते आठवा. एखाद्या घरी एक किट जाते, मोठ्या कुटुंबाला दोन जातात, कुठे जातच नाही. पण किट फोडून अर्धे कोणी देत नाही. नसेचे टोकही तसेच वागते. रसायन बंद पाकिटांत भरलेले आहे आणि पूर्ण पाकीटच बाहेर पडते. पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली सुमारे ५० नॅनोमीटरच्या गोल पिशव्या दिसल्या. तीच ही पाकिटे.

यातून मोठी गोष्ट स्पष्ट झाली. कॅल्शिअम कमी केल्याने पाकिटातला माल कमी होत नाही, पाकिटांची संख्या कमी होते. नेहमीच्या स्थितीत बेडकाच्या संधीवर एका लहरीला शंभराहून जास्त पाकिटे सुटतात. कॅल्शिअम घटवत नेले तर ती दोन-तीनवर येतात, आणि शेवटी शून्यावर.

चौघांनी उचलायचे कपाट

कॅल्शिअम निम्मे केले तर पाकिटेही निम्मी सुटतील, असे आपल्याला वाटेल. तसे होत नाही. १९६७ मध्ये डॉज आणि रहामिमॉफ यांनी मोजून दाखवले की कमी संहतीच्या टप्प्यात सुटणारे रसायन कॅल्शिअमच्या चौथ्या घाताप्रमाणे बदलते. कॅल्शिअम दुप्पट, तर रसायन जवळपास सोळा पट. कॅल्शिअम निम्मे, तर रसायन सोळाव्या हिश्श्यावर.

मुलांना हे समजावताना मी लोखंडी कपाटाचे उदाहरण देते. कपाट उचलायला चार माणसे लागतात, प्रत्येक कोपऱ्याला एक. तिघे आले तर कपाट जागचे हलत नाही. आता समजा प्रत्येक कोपऱ्याला माणूस मिळण्याची शक्यता निम्म्यावर आली. चारही कोपऱ्यांना एकाच वेळी माणूस असण्याची शक्यता किती? अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा गुणिले अर्धा, म्हणजे एक सोळांश. एक पाकीट फोडायला साधारण चार कॅल्शिअम आयनांनी एकत्र यावे लागते, असा अर्थ त्या मोजमापातून काढला गेला.

पण हा नियम कायम चालत नाही. कॅल्शिअम खूप वाढवले की जागा भरून जातात आणि वाढ मंदावते. दुसरे म्हणजे, निरोगी शरीरात गरजेपेक्षा काही पट जास्त रसायन सुटते. ही राखीव शिल्लक आहे. त्यामुळे रक्तातल्या छोट्या चढ-उतारांनी आपले हातपाय लुळे पडत नाहीत.

वेळेलाही महत्त्व आहे. कॅट्झ आणि मेक्सिकोचे रिकार्दो मिलेदी यांनी १९६० च्या दशकात अतिबारीक नळीतून संधीवर कॅल्शिअमचा थेंबभर शिडकावा केला. झटक्याच्या किंचित आधी कॅल्शिअम दिले तर रसायन सुटले. झटका होऊन गेल्यावर दिले तर काही उपयोग झाला नाही. म्हणजे लहर येते त्या क्षणी कॅल्शिअम दाराबाहेर हजर असावे लागते.

मॅग्नेशिअम दार अडवते

मॅग्नेशिअम आणि कॅल्शिअम दोघांवर दोन धनप्रभार. दारापाशी दोघे एकमेकांच्या आड येतात. फरक इतकाच की कॅल्शिअममुळे पाकीट फुटते, मॅग्नेशिअममुळे फुटत नाही. बसच्या दारात उभा राहून स्वतः आत न चढणारा आणि दुसऱ्यालाही चढू न देणारा माणूस असतो ना, तसे. बाहेर मॅग्नेशिअम जितके जास्त, तितके कॅल्शिअम कमी आत जाते आणि तितकी कमी पाकिटे सुटतात.

ही चढाओढ दोन्ही बाजूंनी चालते, हे १९५७ मध्ये जेंकिन्सन यांनी दाखवले. मॅग्नेशिअमने अडवलेला निरोप कॅल्शिअम वाढवले की पुन्हा जाऊ लागतो. म्हणून नुसते कॅल्शिअम किती किंवा नुसते मॅग्नेशिअम किती, असे विचारून चालत नाही. दोघांचा मीज़ान, म्हणजे तोल बघावा लागतो. दवाखान्यातला उतारा याच तत्त्वावर चालतो, ते पुढे येईल.

सोडिअम, पोटॅशिअम आणि एकूण खारटपणा

सोडिअम हे लहर वाहून आणणारे आणि पलीकडे स्नायूला जागे करणारे. ते बरेच कमी झाले तर लहरच दुबळी पडते.

पोटॅशिअम बाहेर वाढले तर नसेचे टोक अर्धवट जागे राहते. प्रयोगात असे केले की झटका नसतानाही छोटे धक्के भराभर येऊ लागतात. फारच वाढवले तर नस नवी लहर उठवूच शकत नाही आणि सगळे ठप्प होते.

आणखी एक मजेशीर गोष्ट. द्रावणाचा एकूण दाटपणा वाढवला, तरी आपोआप फुटणारी पाकिटे खूप वाढतात. मीठ घालून दाट करा किंवा साखर घालून, परिणाम तोच. बाहेर कॅल्शिअम नसले तरीही हे होते. म्हणजे इथे क्षाराची जात महत्त्वाची नाही, बाहेरच्या दाट द्रावणाने पेशीतले पाणी ओढून घेणे महत्त्वाचे आहे. मात्र शरीरात इतका दाटपणा येऊ नये म्हणून किडनी आणि तहान सतत पहारा देत असतात.

एका नजरेत

- कॅल्शिअम बाहेर वाढले: लहर आल्यावर जास्त पाकिटे सुटतात, पण एका मर्यादेपर्यंत.
- कॅल्शिअम घटले: पाकिटांची संख्या वेगाने घटते. पाकिटातला माल तेवढाच राहतो.
- मॅग्नेशिअम वाढले: कॅल्शिअमची वाट अडते, पाकिटे कमी सुटतात.
- सोडिअम खूप घटले: लहर आणि स्नायूचा प्रतिसाद दोन्ही दुबळे.
- पोटॅशिअम वाढले: आधी आपोआप सुटणे वाढते, फार झाले तर निरोप बंद.
- एकूण दाटपणा वाढला: झटका नसतानाही पाकिटे फुटतात.

आपल्या घराशी याचा संबंध

१. गरोदरपणातले मॅग्नेशिअमचे इंजेक्शन. गरोदरपणाच्या उत्तरार्धात काही स्त्रियांचे ब्लड प्रेशर वाढते, लघवीतून प्रथिने जातात, डोके खूप दुखते, डोळ्यांपुढे अंधारी येते. पुढे झटके येऊ शकतात आणि आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. झटके टाळण्यासाठी मॅग्नेशिअम सल्फेट देतात. २००२ मध्ये ३३ देशांतल्या सुमारे दहा हजार स्त्रियांवर झालेल्या मोठ्या अभ्यासात या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून जास्त घटल्याचे दिसले. त्यामुळे 'इतके इंजेक्शन कशाला' म्हणून घरच्यांनी अडवू नये.

झटके रोखण्याचे काम हे औषध मेंदूपाशी करते. पण रक्तात मॅग्नेशिअम वाढले की ते चेता-स्नायू संधीवरही पोहोचतेच. उपचारासाठी रक्तातली पातळी साधारण २ ते ३.५ मिलिमोलपर्यंत नेतात. ती ३.५ ते ५ च्या घरात गेली की गुडघ्यावर हातोडी मारूनही पाय उडत नाही. ५ च्या पुढे श्वासाचे स्नायू दुबळे पडू लागतात.

म्हणूनच पुन्हा पुन्हा गुडघा तपासतात. पाय उडतोय म्हणजे निरोप पोहोचतोय. याबरोबर श्वास मिनिटाला किमान १६ आहेत का आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते का, हेही बघतात, कारण मॅग्नेशिअम बाहेर काढण्याचे काम किडनी करते. प्रमाण जास्त झालेच तर उतारा म्हणून शिरेतून सावकाश कॅल्शिअम ग्लुकोनेट देतात. बेडकाच्या स्नायूवर दिसलेली तीच चढाओढ इथे जीव वाचवते. आपल्या बाईजवळ बसलेल्या सासूने, आईने किंवा नणंदेने एवढे लक्षात ठेवावे: ती फारच सुस्त झाली, श्वास हळू झाला, जीभ जड झाली, तर झोप लागली असे समजून थांबू नका. लगेच नर्सला हाक मारा.

२. हात वाकडे होणे, बोटांना मुंग्या. कॅल्शिअम कमी झाले तर रसायन कमी सुटेल आणि स्नायू ढिले पडतील, असे आतापर्यंतच्या माहितीवरून वाटेल. प्रत्यक्षात माणसाचे हात आखडतात, ओठांभोवती मुंग्या येतात, पायात गोळे येतात. कारण कॅल्शिअमचे दुसरेही एक काम आहे. ते नसेच्या आवरणाला शांत ठेवते. ते घटले की सोडिअमची दारे थोड्याशा कारणानेही उघडतात आणि नस स्वतःहून लहरी सोडू लागते. संधीवर राखीव शिल्लक भरपूर असल्याने रसायन पुरते, आणि स्नायू मोकळा होण्याऐवजी आखडतो.

याची कारणे अनेक. ड जीवनसत्त्वाची कमतरता हे त्यातले मोठे कारण. ज्या स्त्रियांना ऊन मिळत नाही त्यांच्यात आणि त्यांच्या अंगावर पिणाऱ्या बाळांत हे दिसते. बाळाला यातून झटकेही येऊ शकतात. घराच्या अंगणात, गच्चीवर, पडद्याची सोय ठेवून थोडा वेळ उन्हात बसता येते, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने ड जीवनसत्त्व घेता येते. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर ओठ-बोटांना मुंग्या आल्या तर लगेच दवाखान्यात सांगावे.

घाबरून भराभर श्वास घेतल्यानेही हात असेच आखडतात. रक्ताची आम्लता घटते आणि मोकळे कॅल्शिअम तेवढ्यापुरते कमी होते. परीक्षेच्या दिवसांत किंवा घरात भांडण झाल्यावर एखाद्या मुलीला असे होते आणि लोक 'असर झालाय' म्हणून तिला इकडे-तिकडे नेतात. दुआ जरूर करा, पण आधी तिला धीर द्या, श्वास हळू घ्यायला सांगा आणि डॉक्टरांकडून कॅल्शिअमची तपासणी करून घ्या. शिफा अल्लाहच्या हातात आहे, आणि इलाज करणे आपल्या जिम्मेदारीत.

३. किडनीचे पेशंट. पोट साफ होण्याच्या आणि ॲसिडिटीच्या काही औषधांत मॅग्नेशिअम असते. बाजारात मिळणारे एप्सम मीठ म्हणजे मॅग्नेशिअम सल्फेटच. किडनी चांगली असेल तर जास्तीचे मॅग्नेशिअम लघवीतून निघून जाते. किडनी खराब असेल तर ते साठते आणि अशक्तपणा, सुस्ती, श्वास मंदावणे असा त्रास होतो. अशा पेशंटने पोटाचे साधे औषधही विचारूनच घ्यावे.

४. संधीचेच आजार. मायस्थेनियात शरीराची प्रतिकारशक्ती स्नायूवरच्या ग्राहकांवर हल्ला करते. पापण्या पडतात, चावताना जबडा थकतो, संध्याकाळी त्रास वाढतो. लॅम्बर्ट-ईटन या दुर्मीळ आजारात हल्ला नसेच्या टोकावरच्या कॅल्शिअमच्या दारांवर होतो, त्यामुळे पाकिटेच कमी सुटतात. बऱ्याचदा त्याच्यामागे फुप्फुसाचा कॅन्सर असतो, आणि बहुतेक वेळा तो बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांत सापडतो. या दोन्ही आजारांत राखीव शिल्लक आधीच संपलेली असते. म्हणून मॅग्नेशिअमचे इंजेक्शन आणि जेंटामायसिनसारखी काही अँटिबायोटिक्स धोक्याची ठरतात. आजाराचे नाव लिहिलेली चिठ्ठी पेशंटने कायम खिशात ठेवावी आणि प्रत्येक नव्या डॉक्टरला आधी ती दाखवावी.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*भाजीत मीठ जास्त खाल्ले तर नसांचा निरोप जोरात जातो का?*
नाही. जास्तीचे मीठ किडनी बाहेर टाकते. मिठाचा अतिरेक ब्लड प्रेशर वाढवतो, नसांना ताकद देत नाही.

*रोज्यात हा तोल बिघडतो का?*
निरोगी माणसाचे शरीर दिवसभराच्या रोज्यात क्षारांची पातळी सांभाळून घेते. कॅल्शिअम कमी पडू लागले तर हाडांतून काढले जाते, किडनी पाणी आणि क्षार वाचवते. इफ्तार ते सहरी पाणी पुरेसे प्यावे. किडनीचा आजार, मायस्थेनिया किंवा गरोदरपणातले ब्लड प्रेशर असेल, तर रोज्याचा निर्णय डॉक्टरांना विचारून घ्यावा. बीमार माणसाला दीनमध्ये सवलत आहेच.

*पायात गोळे आले की कॅल्शिअमच्या गोळ्या सुरू कराव्यात का?*
गोळे येण्याची कारणे बरीच असतात: थकवा, पाणी कमी पडणे, गरोदरपण, काही औषधे. वारंवार येत असतील तर रक्त तपासावे आणि मग औषध घ्यावे.

*बारावीच्या विद्यार्थ्याने काय लक्षात ठेवावे?*
क्रम: लहर, कॅल्शिअम आत, पिशवी फुटणे, ॲसिटिलकोलीन, ग्राहक, सोडिअम आत, आकुंचन. आणि एक वाक्य: कॅल्शिअम पाकिटांची संख्या ठरवते, पाकिटाचा आकार नाही. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांनी असब-चेता आणि अज़ला-स्नायू अशा जोड्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवाव्यात. भाषा बदलल्यामुळे विषय अवघड वाटतो, पण शब्द जुळले की तो तितका अवघड राहत नाही.

हा लेख माहितीसाठी आहे. औषध सुरू करणे, बंद करणे किंवा त्याचे प्रमाण बदलणे हे डॉक्टरांना विचारूनच करावे.